अण्णा, आता जाहीरच आभार मानते

आदरणीय अण्णा,
सप्रेम नमस्कार.

गाडीच्या कामाबद्दल तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "आधी चहा टाका" म्हणून विषय बदलता. म्हणून हे जाहीर पत्र. नातू वाचून दाखवेलच तुम्हाला.

सासूबाईंची 1966ची फियाट डिलाइट तुम्हाला दाखवली तेव्हा माझ्या डोक्यात फक्त रंग होता. वाईला दवाखाना होता तेव्हा त्या ही सेकंडहँड घेतलेली गाडी हाकत आसपासच्या गावांत बाळंतपणं करायला जायच्या. त्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाला ती चकचकीत करून दारात उभी करायची, एवढाच माझा बेत. तुम्ही आतलं मॅट उचललंत आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने तळ ठोकत सरकलात. ठण्, ठण्, ठण्, आणि ड्रायव्हरच्या पायाखाली आवाज एकदम बसला. गंजलेल्या पत्र्यावर पुट्टी थापून वरून डांबर फासलेलं. आधीच्या एका गॅरेजने त्याचंच 'फ्लोअरचं काम' म्हणून बिल लावलं होतं. तुम्ही कुणाचा उद्धार केला नाहीत. "हिला वेगळी चॅसी, म्हणजे खालचा सांगाडा, नसतो हो, हा पत्राच चॅसी. रंगाचं जानेवारीत बघू," एवढंच म्हणालात.

दिवाळी झाली आणि काम सुरू झालं. पावसाळ्यात उघडा केलेला पत्रा रात्रीत तांबूस होतो, म्हणून तोवर तुम्ही गाडीला हात लावू दिला नव्हता. सडका भाग कापण्याआधी खालून टेकू दिलेत, आणि वेल्डिंगचा प्रत्येक तुकडा बसला की चारही दारं उघडून-लावून बघायचात. दार घासलं तर बॉडी हलली. एसटीच्या दापोडी वर्कशॉपात उमेदीची वर्षं काढलेला माणूस एका छोट्या फियाटच्या दाराची फट बोटाने चाचपतोय, हे बघायला आमची अख्खी सोसायटी जमायची. सल्ले द्यायलाही. डिस्क ब्रेक लावा, बॅटरी चार्ज करणारा जुना डायनॅमो काढून नव्या पद्धतीचा अल्टरनेटर टाका, एसी बसवा! तुम्ही सगळ्यांना चहा पाजलात आणि डायनॅमोचे ब्रश बदललेत.

सगळं मूळचंच ठेवायच्या तुमच्या हट्टाचं मोल मला नंतर कळलं. 2021च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरची खासगी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, पण ती मूळ रूपात हवी, चॅसी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नको. आधीपासून नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. सासूबाईंना तो नंबर स्वतःच्या जन्मतारखेइतका पाठ आहे. तो गेला असता तर घरात माझी खैर नव्हती.

थंडीतल्या त्या सकाळी मी विसरणार नाही. टॅपेट (व्हॉल्व्हजवळची बारीक फट) गार इंजिनावरच सेट करायचे, म्हणून तुम्ही उजाडताच मफलर गुंडाळून हजर. मला फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्या, हातात देऊन शिकवलंत: चार नंबर सिलिंडरचे व्हॉल्व्ह हलायला लागले की एक नंबरचे टॅपेट, दोनचे हलले की तीनचे. पाती सरकताना जरा ओढ लागली पाहिजे, अडकता कामा नये. बँकेत आयुष्य काढलेल्या बाईला 1089 सीसीचं इंजिन समजावून सांगताना तुम्ही एकदाही "तुम्ही राहू द्या" म्हणाला नाहीत. याचे वेगळे आभार.

पार्ट मिळाले ते मुंबईच्या टॅक्सीवाल्यांच्या कृपेने. डिलाइटचीच पुढे प्रेसिडेंट झाली आणि तिची पद्मिनी, त्यामुळे इंजिनाचं बरंचसं सामान एकमेकांना चालतं. काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी 2023च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेल्या, आता हा झरा आटणार, असं तुम्ही जुन्या बाजारात ब्रेकचे व्हील सिलिंडर निवडता निवडता म्हणाला होतात. गाडीतल्या पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम (आतला लवचीक पडदा) आणि रबरी नळ्या मात्र तुम्ही नव्याच घ्यायला लावल्यात. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल, जुनं रबर त्यात फुगतं, आणि इथेनॉल पाणीही ओढून घेतं. महिनोन्‌महिने गाडी उभी ठेवायची नाही, ही तुमची ताकीद अजून पाळतेय.

रंग अखेर जानेवारीतच झाला, तोही ऊन वर आल्यावर. थिनर उडताना पत्रा गार पडतो, हवेत ओल असली तर ती त्यावरच बसते आणि रंगाला पांढुरकी झाक येते, हे तुम्ही पेंटरला सांगत होतात. त्याला ते माहीत होतं, पण तुमच्यापुढे मान डोलवत उभा राहिला बिचारा.

समारंभाला सासूबाईंनी रंगाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पदर खोचून चालकाच्या जागी बसल्या, स्टिअरिंगवरचा गिअर पहिल्यात टाकला आणि पायाखालचा पत्रा टाचेने दाबून पाहिला. "इथे पूर्वी लवायचं," म्हणाल्या. मग तुम्हाला शेजारी बसवून चौकापर्यंत चक्कर मारून आल्या. पाहुणे ताटावर खोळंबले होते.

तुम्ही मजुरी घेतलीत ती फारच कमी घेतलीत, आणि यावर वाद घालायला तुम्ही समोर नाही हे बरं. रविवारी जेवायला या. डायनॅमोचा पट्टा सकाळी सकाळी चिवचिवतोय, येताना पाने-स्पॅनर आणलेत तर बरं होईल.

आपली,
डिलाइटवाली सूनबाई