कॅडेटची तयारी कॅडेटनेच करावी

महोदय,

शाळेत एनसीसीसाठी (राष्ट्रीय छात्र सेनेसाठी) निवड सुरू झाली, की शालेय कॅडेटना परीक्षेनंतर मिळणाऱ्या ‘ए’ प्रमाणपत्राचा पुढे उपयोग काय, अशी पालकांची पहिली चौकशी असते. उपयोग आहेच, पण त्या परीक्षेला बसायला परेडची किमान ७५ टक्के हजेरी लागते, हे मुलांना आधी सांगायला हवे. शिकवणीसाठी परेड बुडवून ‘तेवढी हजेरी लावा’ म्हणणारे पालक स्वतःच्याच मुलाचे नुकसान करतात.

गणवेशाचेही तेच. खाकीला इस्त्री, बुटांना पॉलिश, पट्ट्याच्या पितळी बकलला चकाकी हे सगळे आई करत असेल, तर मुलगा निम्म्या प्रशिक्षणाला मुकतो. बकल घासून बोटे काळी झाली तर होऊ द्यावीत! आपल्याच वर्गातल्या मुलीने ‘सावधान’ म्हणताच ताठ उभे राहणे, हे तर मला त्याहून मोलाचे वाटते.

शाळांनीही एक पाळावे. उन्हात चक्कर येऊ लागल्यास रांगेतून बाहेर येऊन बसणे हा पळपुटेपणा नव्हे, हे पहिल्याच परेडला बजावून सांगावे आणि पाण्याची सोय मैदानावरच ठेवावी.

– एक माजी कॅडेट