ताई, ते दोन प्रश्न मला विचारल्याबद्दल

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव लिहू नका असं तुम्ही आधीच बजावलंय, म्हणून लिहीत नाही. पण हे पत्र सगळ्यांनी वाचावं असं मला वाटतं, आमच्या आशाताईंनी तर नक्कीच. वर्धा जिल्ह्यातल्या एका लहान गावात मी चौदा वर्षांपासून आशा स्वयंसेविकेचं काम करते. गरोदर बाया, बाळंतिणी, लसीकरण, टीबीच्या गोळ्या, सर्वे. गावातलं कोणतं दार किती वाजता उघडं असतं ते मला पाठ आहे.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. तिशीच्या वरच्या प्रत्येकाचा सीबॅक नावाचा फॉर्म आम्ही भरतो. तंबाखू खाता का, कमरेचा घेर किती, घरात कोणाला शुगर-बीपी आहे का. त्यातच दोन प्रश्न मनाचे असतात. गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटेनासा झालाय का? उदास, निराश वाटतं का? एकेका प्रश्नाला शून्य ते तीन गुण. बेरीज तीनच्या वर गेली की त्या माणसाला पुढे पाठवायचं.

एका वर्षी दिवाळीआधी संध्याकाळपर्यंत चाळीस फॉर्म जमा करायचे होते. गावातल्या एका भाऊंच्या वावरात पोचले तेव्हा ऊन कललं होतं. कापूस वेचणं चालू होतं. ते धुऱ्यावरच्या कडुलिंबाखाली एकटेच बसले होते. मी घेर मोजला, तंबाखूचं विचारलं, आणि ते दोन प्रश्न न विचारताच शून्य, शून्य लिहून निघाले. सव्वा महिन्यानं त्यांनी आपला जीव दिला.

हे मी कोणालाच सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. झोप गेली. भाकर ताटात तशीच राहायची. लसीकरणाच्या दिवशी बाळाचं वजन लिहिताना शून्य आलं की हात थांबायचा. त्यांच्या घरावरून जायला नको म्हणून मी मागच्या पांदणीनं फिरून जाऊ लागले. लोक म्हणायचे, आशाताई वाळत चालली, दगदग फार आहे. मीही हो म्हणायचे.

माघ महिन्यात आमच्या गावच्या एका आजीला घेऊन मी उपजिल्हा रुग्णालयात तुमच्याकडे, समुपदेशनाला, आले. तुम्ही आजींशी बोललात, त्यांना बाहेर बाकावर बसवलंत आणि मला म्हणालात, "तुम्ही दोन मिनिटं बसा." मग ते दोन प्रश्न विचारलेत. शब्दाला शब्द तेच. मी मनातल्या मनात बेरीज केली. सहा.

माझ्या तोंडून शब्द फुटेना. ताई, तुम्ही मला बोलायला लावलं नाही, याचे आभार आधी मानते. टेबलाखालच्या डब्यातून ओल्या मातीचा गोळा काढून तुम्ही माझ्या हातात दिलात. मी विचारलं, याचं काय करू? "काही नाही. धरून बसा." गार होता तो गोळा. थोड्या वेळानं माझा अंगठा आपोआप त्यात रुतायला लागला. मी किती वेळ बसले होते ते आठवत नाही, पण आजी दोनदा डोकावून गेल्या होत्या.

त्याच दिवशी तुम्ही मला डॉक्टरांकडे पाठवलंत. गोळ्या सुरू झाल्या, सहा महिने घेतल्या, डॉक्टरांनी सांगितल्यावर हळूहळू कमी केल्या. हे मुद्दाम लिहिते, कारण माती आणि रंगांनीच सगळं बरं झालं असं कोणी समजू नये. गोळ्या आणि माती, दोन्ही मला तुमच्यामुळे मिळालं.

मला चित्र येत नाही, हे माझं पालुपद होतं. शाळेत चित्रकलेत जेमतेम पास व्हायचे. तेव्हा तुम्ही अमेरिकेतल्या एका अभ्यासाचं सांगितलंत, २०१६ साली छापून आलेल्या. ३९ माणसांना ४५ मिनिटं माती, रंग, कागद यांत रमू दिलं, आणि आधी-नंतर त्यांच्या थुंकीतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, मोजलं. जवळजवळ ७५ टक्के लोकांमध्ये ते कमी झालं. आधी चित्र काढायची सवय होती की नव्हती, यानं फारसा फरक पडला नाही. "म्हणजे चांगलं व्हायला पाहिजे असं काही नाही," असं तुम्ही म्हणालात. आशाच्या कामात सगळंच मोजलं जातं. जे चांगलं व्हायला पाहिजे असं काही नाही, असं काम मला आयुष्यात पहिल्यांदा मिळालं.

पुढच्या गुरुवारी तुम्ही आपल्याच वावरातली माती आणायला सांगितलीत. मी आमची काळी माती भिजवून एक भांडं केलं. दुसऱ्या दिवशी त्याला बोट जाईल एवढ्या भेगा. रडूच आलं. भेगाळलेलं भांडं घेऊन आमच्या कुंभारमावशीकडे गेले, तर ती म्हणाली, "काहून रडतं वं बाई? काळी माती एकटी नाई टिकत. भिजली का फुगते, वाळली का फाटते. तिच्यात रेती घाल, राख घाल, मंग पाय." तिनं मला शेजारी बसवून माती तुडवायला लावली. टाचेखाली खडा लागला की थांबायचं, वाकून काढायचा, पुन्हा तुडवायचं. त्या रात्री मी पाच तास सलग झोपले.

आणि ते फिरणं! खरं सांगते, "रोज जरा निसर्गात बसा" हे मला आधी पटलं नव्हतं. दिवसभर उन्हात निंदणाऱ्या बाईला निसर्ग कोणी सांगावा? जपानात वनखात्यानं १९८२ साली जंगलात नुसतं जाऊन बसण्याला 'शिनरिन-योकू', म्हणजे वनस्नान, असं नाव दिलं, हे ऐकून तर मला हसू आलं होतं. पण तुमची अट वेगळी होती. दहा मिनिटं, रजिस्टर न घेता, मोबाइल घरी ठेवून, आणि रोज एकच रंग पाहून यायचा. चौदा वर्षं याच शिवारातून फिरले, पण पळसाची कळी हातात घेऊन मी कधी पाहिली नव्हती. देठाकडे काळपट, मखमलीसारखी, बोट फिरवलं तर लव लागते. आतून केशरी पाकळी पोपटाच्या चोचीसारखी वाकून येते. ती फुलं उकळून रंग केला, गेरू घेतला, चुना घेतला, चुलीवरच्या तव्याची काजळी घेतली. जुन्या रजिस्टरच्या कोऱ्या पाठीवर रोज एक ठिपका. फाल्गुन संपेपर्यंत पानभर झाले.

मग एका गुरुवारी तुमच्यासमोर मातीचं झाड झालं. ठरवलं नव्हतं. बुंधा झाला, धुऱ्याचा उंचवटा झाला, खाली एक बसलेला माणूस झाला, आणि मग मी सगळं सांगितलं. चाळीस फॉर्म, ऊन, शून्य, शून्य.

"तुमची काही चूक नाही," असं तुम्ही म्हणाला असतात तर मी उठून गेले असते. तुम्ही बराच वेळ गप्प राहिलात. मग म्हणालात, "विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं का, हे आता कोणालाच कळणार नाही. त्यांच्या घरी तुम्ही अजून जाता का?"

जात नव्हते. दुसऱ्या दिवशी गेले. वहिनींनी चहा टाकला. त्यांनाही झोप नव्हती, आणि एवढ्या महिन्यांत कोणी विचारलंही नव्हतं. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मी त्यांच्या फोनमध्ये घालून दिला. तो चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. एकदा मध्यरात्री मी स्वतः लावला होता, म्हणून खात्रीनं सांगू शकले.

उन्हाळ्यात आम्ही दोघी सेवाग्रामला गेलो. बापू कुटीच्या भिंतीवर गांधीजींच्या शिष्या मीराबहनांनी मातीत उठवलेली ताडाची झाडं आहेत. मी लहानपणी शाळेच्या सहलीत पाहिली होती, पण या खेपेला वहिनी त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या त्या हलेचनात. परत येताना एसटीत म्हणाल्या, आपल्या ओट्याच्या भिंतीवर असं काही करता येईल का? भिंत आता अर्धी झाली आहे. कडुलिंब त्यांनीच केलाय. माझ्याकडे बैलजोडी आहे, तिची शिंगं सारखी तुटतात.

फॉर्म अजूनही भरते. त्या दोन प्रश्नांपाशी आले की पेनाचं टोपण लावते, ओट्यावर टेकते आणि मग विचारते. दिवसाला कमी फॉर्म होतात. त्यावरून मला बोलणी बसली, पुन्हा बसतील. यंदा तिघांना पुढे पाठवलं, त्यातली एक बाई तुमच्याकडेच आली होती. तुम्ही तिला मातीचा गोळा दिलात, हे तिनं मला येऊन सांगितलं.

कोजागिरीला आमच्याकडे भुलाबाईची गाणी आहेत. मूर्ती कुंभारमावशीची आहे, रंग आम्ही दोघींनी दिलाय. जमलं तर या, ताई. खिरापत ओळखल्याशिवाय मिळणार नाही. आणि वहिनींना भिंत तुम्हाला दाखवायची आहे.

तुमची,
गावची आशाताई