बाबा, त्या वह्यांबद्दल

क्वीन्स, न्यूयॉर्क
जुलै

ती. आई आणि बाबा,
सा. न. वि. वि.

गेल्या रविवारी फोन ठेवता ठेवता बाबा म्हणाले, "ऐकून घ्यायला डिग्री कशाला लागते गं? तुझी आई जन्मभर ओट्यावर बसून तेच करत आली." मी तेव्हा 'हो, हो' म्हणून विषय संपवला. पण आठवडाभर ते वाक्य मनातून गेलं नाही. फोनवर मध्येच कुकरची शिट्टी होते, मध्येच माझी गाडी येते, म्हणून पत्र लिहायला बसले. शिवाय आणखी एक बोलायचं राहून गेलंय. ते फोनवर मला जमणार नाही.

आधी हिशेब. बाबा, आकडा पाहिल्याशिवाय तुमचं समाधान होत नाही. माझी कौन्सेलिंगची मास्टर्स ६० क्रेडिटची आहे. त्यात नुसती पुस्तकं नाहीत. पहिल्यांदा १०० तासांचं प्रॅक्टिकम, म्हणजे देखरेखीखालचा सराव, त्यातले निदान ४० तास खऱ्या माणसांसमोर बसून. ते मी या वसंतात पूर्ण केलं. आता सप्टेंबरपासून इंटर्नशिप, ६०० तास, त्यातले २४० तास प्रत्यक्ष माणसांबरोबर. पगार नाही. डिग्री हातात आली तरी लगेच स्वतंत्रपणे काम करता येत नाही. तात्पुरता परवाना मिळतो आणि त्यावर अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली ३००० तास भरावे लागतात. पूर्ण वेळ काम धरलं तरी दीड-पावणेदोन वर्षं. शिवाय एक मोठी परीक्षा. तिच्यात व्याख्या विचारत नाहीत. एखाद्या माणसाची कहाणी पुढे ठेवतात आणि आता तुम्ही काय कराल, असं विचारतात. हे सगळं झालं की न्यूयॉर्क राज्य 'लायसन्स्ड मेंटल हेल्थ कौन्सेलर' म्हणून परवाना देतं. गोळ्या लिहून द्यायचा अधिकार तेव्हाही नसतो, ते काम डॉक्टरांचं.

प्रत्येक तासाची नोंद ठेवावी लागते: तारीख, काय काम केलं, किती वेळ. खाली सुपरवायझरची सही. मी ते रकाने भरते तेव्हा तुमचा रोजमेळ डोळ्यांसमोर येतो. तुम्ही दिवस मिटवल्याशिवाय जेवायला बसत नव्हता, मलाही आता तीच सवय लागलीय.

आई, तू विचारतेस, "कोण कोण येतं गं तुझ्याकडे?" ते मी तुलासुद्धा सांगू शकत नाही. नाव नाही, आणि नाव वगळून गोष्टही नाही. पहिल्याच भेटीत आम्ही समोरच्याला सांगतो की इथलं बोलणं इथेच राहील. फक्त स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, किंवा लहान मुलाचा छळ होत असेल, तर मला गप्प राहता येणार नाही. हा नियम शिकवला तेव्हा वर्गातल्या काहींना तो जड वाटला, मला नाही वाटला. वाड्यातल्या बायका दुपारी तुझ्याजवळ येऊन बसायच्या, तू तांदूळ निवडत ऐकायचीस, आणि संध्याकाळी आम्ही कितीही खोदून विचारलं तरी "काही नाही, अशाच आल्या होत्या" एवढंच म्हणायचीस. म्हणजे बाबांचं अर्ध खरंच आहे. अर्धी विद्या तुझ्याकडे होती.

उरलेल्या अर्ध्यासाठी मी इथे आहे. मराठीत याला समुपदेशन म्हणतात आणि त्या शब्दाच्या पोटातच उपदेश बसलाय. आम्हाला पहिल्या सत्रात सोडायला लावला तो नेमका उपदेशच. कार्ल रॉजर्स नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५७ साली मांडलं होतं की माणूस बदलायला ज्या गोष्टी लागतात त्यांत ऐकणाऱ्याचा खरेपणा, समोरच्याचा विनाअट स्वीकार आणि त्याच्या जागी उभं राहून समजून घेणं या येतात. त्या यादीत सल्ला नाही. वाचताना सोपं वाटतं. करायला बसलं की कळतं, आपल्या घरात प्रेम म्हणजे सल्लाच. "असं कर, तसं करू नकोस, विसरून जा, पुढचं बघ." मी त्यातच वाढले आणि तेच घेऊन इथे आले.

पहिल्या वर्षी वर्गात तिघातिघांचे गट करायचे. एकीने बोलायचं, दुसरीने ऐकायचं, तिसरीने बघायचं, आणि सगळं व्हिडिओवर. माझ्यासमोर बसलेली मुलगी तिच्या घरातलं काही सांगत होती. काय, ते लिहीत नाही. चार मिनिटांत मी तिला तीन उपाय सुचवले. नंतर बाईंनी व्हिडिओ लावला आणि एका जागी थांबवला. म्हणाल्या, "तिचा चेहरा बघ. ती रडायच्या बेतात होती. तू तिच्या हातात कामं दिलीस."

त्या रात्री मला झोप लागली नाही. मला ती मुलगी आठवत नव्हती, बाबा. मला तुमच्या वह्या आठवत होत्या.

२०१९ चा ऑगस्ट. सांगलीत कृष्णा आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५. गावभागात आपल्या वाड्याचा खालचा मजला पाण्यात होता. तुम्ही मिरजेला आत्याकडे होता आणि मी इथून दिवसातून दहा वेळा फोन करत होते. पाणी ओसरल्यावर तुम्ही घरी गेलात. फ्रीज, गाद्या, धान्य, आईच्या साड्या, सगळं गेलं होतं, त्याबद्दल तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. आईनं सांगितलं, तुम्ही त्या ट्रंकेतल्या वह्या गच्चीवर नेल्यात. १९८१ पासूनच्या. मार्केट यार्डात अडत दुकानी दिवाणजी म्हणून लागलात त्या दिवसापासून स्वतःसाठी लिहिलेल्या. दुकानाचा हिशेब वेगळा, हा तुमचा. त्या दिवशीचा हळदीचा भाव, सौद्याला कोण आलं, पाऊस किती, हरिपुरातल्या जमिनीखालच्या कुठल्या पेवातून माल निघाला, मला ताप किती होता. पानाला पान चिकटलेलं, शाई पसरलेली. तुम्ही आठ दिवस एकेक पान सुटं करत उन्हात बसला होता.

आणि मी फोनवर म्हणाले, "बाबा, टाकून द्या ना त्या. आता सगळं कॉम्प्युटरवर असतं. आधी पंचनाम्याचं बघा, भिंतींना बुरशी धरेल."

तुम्ही म्हणालात, "बरं." त्यानंतर तुम्ही त्या वह्यांचं नावही काढलं नाहीत. गच्चीवरून त्या कुठे गेल्या, हे मला आजही माहीत नाही. येणारा-जाणारा प्रत्येक जण म्हणत होता, "जीव वाचला, बाकी काय, परत उभं राहतं." मीही म्हणाले. सगळे प्रेमानेच बोलत होते, आणि तुम्हाला काय गेलं हे विचारलं मात्र कुणीच नाही.

आई सांगते, पावसाळा लागला की तुम्ही रात्री दोनदा-तीनदा उठता, फोनमध्ये पुलाची पातळी बघता, कोयनेतून किती क्युसेक सोडलं ते वाचता. २०२१ च्या जुलैत परत पाणी आलं, तेव्हापासून तर जूनमध्येच ट्रंका माळ्यावर जातात. माळ्यावर सामान चढवणं शहाणपणाचंच आहे, त्याला मी काही नाव देणार नाही. तुम्हाला अमुक झालंय, असं मी इथून म्हणणार नाही. तो माझा अधिकार नाही आणि आमच्या व्यवसायाच्या आचारसंहितेत जवळच्या माणसांचं समुपदेशन करायला मनाईच आहे, कारण तिथे आपली नजर सरळ राहत नाही. हा नियमही मला पटतो. तुमच्यासमोर बसून मी कधीच कौन्सेलर होऊ शकणार नाही.

पण रात्रीची झोप अशीच मोडत राहिली, तर माझी एक विनंती आहे. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेचा नंबर आहे, २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. किंवा मिरजेत चांगल्या डॉक्टरांची कमी नाही, आईला घेऊन एकदा जाऊन या. गुडघ्यासाठी जाता तसंच. हा उपदेश झाला, मला माहीत आहे. मुलगी म्हणून एवढा करते.

तुम्ही विचारलं होतं की हे शिकून सांगलीत येता येईल का. हा परवाना न्यूयॉर्कचा. नदीपलीकडच्या न्यू जर्सीत त्याचं नाव वेगळं आणि नियमही वेगळे. आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, तिची वाट वेगळी आहे. तेव्हा आत्ता कुठलं वचन देत नाही. बारा वर्षांची नोकरी मी सोडली तेव्हा तुम्ही नाराज होतात, अजूनही थोडे आहात. ते तसं असू दे. मला या कामात जेवढं खरं वाटतं तेवढं त्या नोकरीत एक दिवसही वाटलं नाही, हे मात्र सांगायलाच हवं.

या दिवाळीला येणं होणार नाही. इंटर्नशिपच्या मध्ये सुट्टी मिळत नाही. आई, मनाला लावून घेऊ नकोस. उन्हाळ्यात महिनाभर येते. भडंग पाठवू नकोस, वाटेत सादळतं, मी येऊन तुझ्या हातचंच खाईन.

बाबा, येत्या रविवारी तुमच्या सकाळी साडेसातला फोन करते. इथे शनिवारचे रात्रीचे दहा वाजलेले असतात, मला कुठे जायचं नसतं. त्या वह्या आहेत की गेल्या, ते सांगा. गेल्या असतील तर १९८१ च्या पहिल्या वहीत काय काय होतं, आठवेल तेवढं सांगा. भाव सांगा, माणसं सांगा. बोलायचं नसेल तर तेही चालेल, फोन नुसता सुरू ठेवा. मी मध्ये काही बोलणार नाही.

तुमची,
ताई