कागद दाखवतो कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाशिकचे हौशी अभ्यासक मूळ कागद न बघता छापील पुस्तकांवरच भागवतात, असा ठपका रविवारच्या पुरवणीतल्या लेखात ठेवलाय. वाचून फार वाईट वाटलं. जातो आम्ही कागद बघायला. दाखवतो कोण?

निफाड तालुक्यातल्या आमच्या गावात १८९७ नंतरच्या प्लेगमध्ये कोण कोण गेलं, हे मी शोधतोय. भगूरच्या सावरकरांचे वडील १८९९ साली प्लेगने गेले, हे सगळ्यांना माहीत आहे. बाकी गावोगावच्या माणसांची नावं असलीच तर कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत. त्यासाठी एका सरकारी अभिलेख कक्षात अर्ज दिला. पहिला प्रश्न, "जमिनीचा वाद आहे का?" नाही म्हटल्यावर, "मग कशाला पाहिजे?" पुढे साहेब दौऱ्यावर, मग किल्ली ज्यांच्याकडे ते रजेवर, शेवटी "ते मोडीत आहे, तुम्हाला काय कळणार?" मोडी शिकलोय म्हटलं, तर प्रमाणपत्र जोडा. तेही जोडलं. आता अर्जच सापडत नाही म्हणतात.

१८६९ पूर्वी नाशिक हा वेगळा जिल्हाच नव्हता, त्यामुळे त्याआधीच्या काही कागदांसाठी नगर गाठावं लागतं, हे मला मान्य आहे. पुण्याच्या पेशवे दप्तरातही बसलोय. तिथे रुमालाचा, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्याचा, क्रमांक लिहून दिला की रुमाल टेबलावर येतो, कोणी हेतू विचारत नाही. मग आपल्याच जिल्ह्यात, आपल्याच गावची वही बघायला एवढा त्रास का?

बरं, मनावर घेतलं तर होतं. २०२३ च्या अखेरीस कुणबी नोंदींसाठी हीच दप्तरं सुट्टीच्या दिवशीही उघडली. मोडी वाचणारे बोलावले, पानं स्कॅन झाली, संकेतस्थळावर चढली. ते काम गरजेचं होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण जातीच्या त्याच ओळीत माणसाचं वय असतं, तो कशाने गेला तेही असतं. वाचणारी माणसं समोर बसली असताना अख्खी वही स्कॅन का केली नाही? कागद पिवळे पडून कडेने तुटायला लागलेत, पुन्हा ती बासनं कधी सुटणार? यावर लिहा, त्या कक्षांत वार्ताहर पाठवा.

आणखी एक. लेखासोबतचा मोडी पत्राचा फोटो उलटा छापलाय. वरचा 'श्री' तळाला गेलाय. मूळ कागदांचा आग्रह धरणाऱ्या लेखात हे फार खटकलं. दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, पंचवटी, नाशिक