सिस्टर, तुम्ही मला डॉक्टरचं नाव सांगितलं नाहीत

आदरणीय सिस्टर,

सा. न. वि. वि.

तुमच्या घरी येऊन आभार मानायला गेले की तुम्ही विषय बदलता. "चहा घे, आणि आधी हात किती वर जातोय ते दाखव," म्हणता. म्हणून हे उघड पत्र लिहिते आहे. साताऱ्यातल्या, कराड-फलटणकडच्या ज्या बाईच्या हातात उद्या माझ्यासारखाच स्तनाच्या कर्करोगाचा रिपोर्ट पडेल, तिलाही ते वाचायला मिळावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

सगळ्यात आधी आभार मानायचे आहेत ते तुम्ही मला डॉक्टरचं नाव सांगितलं नाहीत याबद्दल.

बायोप्सीचा रिपोर्ट आला त्या आठवड्यात नावांशिवाय कुणी काही बोलतच नव्हतं. दिरांच्या साहेबांच्या ओळखीतले पुण्याचे डॉक्टर, मावसबहिणीच्या जावेला बरं करणारे कोल्हापूरचे, आमच्या पतसंस्थेतल्या संचालकांच्या माहितीतले मुंबईचे. प्रत्येक नावापाठोपाठ "अगदी देवमाणूस आहे". सगळे जिव्हाळ्यानेच सांगत होते, पण माझी गाठ केवढी आहे, कुठे आहे, कोणत्या जातीची आहे हे त्यांतल्या एकानेही विचारलं नव्हतं. आणि आम्ही ज्या सर्जनकडे पहिल्यांदा गेलो त्यांनी सोनोग्राफीच्या फिल्म उजेडात धरून पाहिल्या आणि "पूर्णच काढून टाकू, परवा सकाळी उपाशीपोटी या," म्हणून सांगितलं. घरच्यांना हायसं वाटलं. कुणीतरी ठरवून टाकलं याचंच ते हायसं होतं.

तुम्ही मात्र चष्मा लावून माझी फाइल पहिल्या कागदापासून वाचलीत. मॅमोग्राफी, सोनोग्राफी, सुईची बायोप्सी, सगळं. मग म्हणालात, "हा रिपोर्ट अर्धा आहे. ईआर, पीआर, हर-टू कुठे आहेत?" आम्हाला ते शब्दही ठाऊक नव्हते. गाठीच्या पेशी शरीरातल्या हॉर्मोनवर वाढतात का (ते ईआर, पीआर सांगतात), हर-टू नावाचं प्रथिन त्यांच्यावर जास्त आहे का, हे कळल्याशिवाय आधी ऑपरेशन की आधी औषध हेसुद्धा नीट ठरवता येत नाही, हे मला पहिल्यांदा तुमच्या स्वयंपाकघरात कळलं. हर-टू पॉझिटिव्ह किंवा ट्रिपल निगेटिव्ह (या तिन्ही चाचण्या निगेटिव्ह असलेल्या) प्रकारात गाठ थोडी मोठी असेल तर पुष्कळदा आधी किमो देतात आणि शस्त्रक्रिया मागाहून करतात. परवा सकाळी उपाशीपोटी गेले असते तर हा प्रश्न कुणी विचारलाच नसता.

मी तुम्हाला विचारलं होतं, "पण थांबले तर पसरणार नाही का?" तुम्ही उत्तर दिलंत ते आमच्या ह्यांनी तिथेच पाकिटाच्या मागे लिहून घेतलं. ही गाठ एका रात्रीत आलेली नाही, बहुधा काही वर्षं आत वाढत होती. नीट तपासण्या करायला, दोन ठिकाणी दाखवायला दोन-तीन आठवडे गेले तर बिघडत नाही. महिनोन्‌महिने घालवायचे नाहीत, आणि काढे-भस्मं यांत तर एक दिवसही नाही. सिस्टर, त्या वाक्यानंतर मी त्या आठवड्यात पहिल्यांदा नीट झोपले.

मग मी हट्टाने विचारलं, "तुम्ही एवढी वर्षं मुंबईत सर्जिकल वॉर्डात काढलीत, तुम्हीच सांगा ना कुणाकडे जाऊ." तुम्ही म्हणालात, "नाव नाही सांगणार. माझ्या माहितीतले निम्मे निवृत्त झाले. तू स्वतः विचारून ये." आणि वहीचा कागद फाडून प्रश्न लिहून दिलेत. त्यांतला पहिला प्रश्न वाचूनच मला घाम फुटला होता: तुम्ही वर्षाला स्तनाच्या कर्करोगाची किती ऑपरेशनं करता?

डॉक्टरांना असं विचारायचं? आपल्याकडे डॉक्टरांसमोर खुर्चीवर पुढे सरकून बसायलाही बाई बिचकते. पण तुम्ही त्यामागचं कारण समजावून सांगितलंत. युरोपातल्या स्तनकर्करोग तज्ज्ञांच्या 'युसोमा' या संस्थेने घालून दिलेला दंडक असा आहे की स्तनविभाग म्हणवून घेणाऱ्या ठिकाणी वर्षाला निदान १५० नवे रुग्ण यायला हवेत आणि तिथल्या सर्जनने वर्षाला निदान ५० प्राथमिक स्तनकर्करोगाच्या शस्त्रक्रिया केलेल्या असाव्यात. आपल्या जिल्ह्याच्या गावात हर्निया, अपेंडिक्स, पित्ताशय सगळं करणारा सर्जन कितीही हुशार असला तरी त्याच्याकडे एवढ्या बायका येतच नाहीत. त्यात त्याचा दोष नाही, पण म्हणून माझं ऑपरेशन तिथे व्हावं असंही नाही. तुम्ही हे कुणाचाही अवमान न करता सांगितलंत, आणि त्यामुळेच ते आमच्या घरात पटलं.

घरात खरा पेच वेगळाच होता. सासूबाई, ह्यांची आत्या, सगळ्यांचं एकच म्हणणं, "या वयात ते ठेवून काय करायचंय? मुळापासून काढून टाका, कटकट नको." मी अठ्ठेचाळीस वर्षांची. मला ते अवयव वगैरे शब्द सगळ्यांसमोर बोलता येत नव्हते, आणि स्तन वाचवावा असं वाटतं हे म्हणायची तर लाजच वाटत होती. जणू मी जीव सोडून रूपाचा विचार करते आहे. तुम्ही संध्याकाळी आमच्या घरी आलात, सासूबाईंच्या शेजारी पलंगावर बसलात आणि त्यांना इटलीतल्या मिलान शहरातली गोष्ट सांगितलीत. उम्बेर्तो वेरोनेसी नावाच्या सर्जनने १९७३ ते १९८० या काळात लहान गाठ असलेल्या ७०१ बायकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाचा पूर्ण स्तन काढला, दुसऱ्या गटात गाठ असलेला भाग काढून उरलेल्या स्तनाला रेडिएशन दिलं. २० वर्षं त्या बायकांची नोंद ठेवली आणि २००२ साली निकाल छापला. जगण्यात फरक नव्हता. अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांच्या अभ्यासाची २० वर्षांची माहितीही त्याच वर्षी आली, आणि तीही तेच सांगत होती.

स्तन वाचवला तर त्याच जागी पुन्हा गाठ येण्याची शक्यता थोडी जास्त असते, हेही तुम्ही लपवलं नाहीत. रेडिएशन चुकवून चालत नाही आणि दरवर्षी मॅमोग्राफी करावीच लागते, हेही. सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे दोन्हींत जीव सारखाच वाचतो, तर तिला हवं ते तिनं ठरवावं." माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांनी माझ्या शरीराबद्दलचा निर्णय माझा म्हटला तो त्या दिवशी, आणि ते तुमच्यामुळे. त्यासाठी वेगळे आभार, सिस्टर. हे ऋण डॉक्टर निवडण्यापेक्षाही मोठं आहे.

लॅबमधून बायोप्सीच्या स्लाइड आणि तिचा तुकडा बसवलेले मेणाचे ब्लॉक मागून घ्या, हेही आम्हाला तुमच्याकडूनच कळलं. ते डबीत घालून आम्ही महालक्ष्मी एक्सप्रेसने निघालो आणि सकाळी दादरला उतरलो. परळचं टाटा मेमोरियल मी पहिल्यांदा पाहिलं. १९४१ साली सुरू झालेलं हे रुग्णालय १९६२पासून अणुऊर्जा विभागाकडे आहे, हे कुठेतरी वाचलेलं होतं. प्रत्यक्षात दिसली ती फुटपाथवर पथाऱ्या टाकून बसलेली बिहार, बंगाल, आसामची माणसं. जवळ नाना पालकर स्मृती समितीची रुग्णसेवा सदनाची इमारत आहे, दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, तरी माणसं पुरून उरतात. गर्दीला घाबरून परत फिरू नका असं तुम्ही बजावलं होतं म्हणून टिकलो. तिथे जनरल आणि प्रायव्हेट अशा दोन तऱ्हेच्या फाइल निघतात, खर्चात फरक पडतो, पण उपचार कोणता द्यायचा ते आजार पाहूनच ठरतं.

त्यांनी आमच्या स्लाइड पुन्हा वाचल्या, उरलेल्या चाचण्या केल्या. ईआर-पीआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह, गाठ दीड सेंटिमीटरच्या आत, काखेत काही दिसत नाही. एका हितचिंतकाने आम्हाला आधी सगळ्या अंगाचं पेट स्कॅन करून घ्यायला फार आग्रह केला होता. एवढ्या लहान गाठीला आणि काही त्रास नसताना ते लागत नाही, असं तिथे स्पष्ट सांगितलं. केवढे पैसे आणि केवढी धास्ती वाचली! आधी शस्त्रक्रिया, स्तन वाचवून, काखेतल्या फक्त पहिल्या लसिकाग्रंथी (त्यांनाही गाठीच म्हणतात) तपासून, मग रेडिएशन, असा आराखडा त्यांनी लिहून दिला.

आता परळलाच ऑपरेशन करायचं की पुण्यात, हा प्रश्न होता. इथेही तुमचाच एक प्रश्न उपयोगी पडला: ऑपरेशन एका दिवसाचं, रेडिएशन कुठे घेणार? हल्ली बहुतेक ठिकाणी ते १५ वेळा, म्हणजे आठवड्यातले पाच दिवस असे तीन आठवडे देतात. साताऱ्याहून रोज कुठेच जाणं शक्य नव्हतं. पुण्यात नणंदेचं घर. म्हणून टाटाचा आराखडा हातात घेऊन आम्ही पुण्यात डॉक्टर शोधायला लागलो, आणि तुमचा कागद पर्समध्ये होताच.

पहिल्या रुग्णालयात आकडा विचारल्यावर डॉक्टर हसले आणि "तुम्ही काळजी करू नका, माझ्यावर सोडा," म्हणाले. आम्ही फी भरून, नमस्कार करून निघालो. दुसरीकडच्या डॉक्टरांनी प्रश्न ऐकला, आकडा सांगितला आणि त्यांतल्या किती जणींचा स्तन वाचवला तेही न विचारता सांगितलं. काखेसाठी सेंटिनल नोड, म्हणजे त्या पहिल्या गाठींची तपासणी, करता का, तर हो, निळ्या रंगाचं द्रव्य टोचून आधी कोणत्या गाठीकडे ते जातं ते पाहतो. त्या गाठी ऑपरेशन चालू असतानाच फ्रोझन सेक्शनला, म्हणजे लगेच गोठवून तपासायला, जातात, पॅथॉलॉजिस्ट त्याच इमारतीत बसतात. त्या गाठी स्वच्छ निघाल्या तर काख सगळी साफ करावी लागत नाही, आणि पुढे हात सुजण्याचा धोका पुष्कळ कमी होतो. माझ्यासारख्या दिवसभर लेजर आणि कीबोर्डवर हात चालवणाऱ्या बाईला हे केवढं मोलाचं आहे! प्रत्येक रुग्णाची चर्चा ट्यूमर बोर्डात, म्हणजे सगळ्या शाखांच्या डॉक्टरांच्या बैठकीत, होते का? दर आठवड्याला. रेडिएशनचे डॉक्टर ऑपरेशनच्या आधी भेटतील का? आजच भेटा.

तुमच्या कागदावर शेवटी, वेगळ्या शाईत, लिग्नोकेनचा प्रश्न होता. टाटाच्या डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी देशातल्या ११ केंद्रांमध्ये केलेला तो अभ्यास, २०२३ साली छापून आलेला. गाठ काढण्यापूर्वी ७ ते १० मिनिटं तिच्याभोवती हे साधं, स्वस्त भुलीचं औषध टोचायचं. ज्यांना ते दिलं त्यांच्यात ५ वर्षांनी आजार न उलटता जगणाऱ्या ८६.६ टक्के, ज्यांना दिलं नाही त्यांच्यात ८२.६ टक्के. सगळीकडे ते अजून रूढ झालेलं नाही. डॉक्टरांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि म्हणाले, "आम्ही देतो. पण हे तुम्हाला कुणी सांगितलं?" मी तुमचं नाव अभिमानाने सांगितलं, सिस्टर. तिथेच आमचं ठरलं.

पैशांचं थोडक्यात सांगते, कारण वाचणाऱ्यांना ते हवं असेल. रुग्णालय महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आहे का, आणि नेमक्या याच उपचारासाठी आहे का, हे भरती होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, विचारायचं. मंजुरी आधी लागते. आता कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेत बसत नसेल तर ऑपरेशन, फ्रोझन, पॅथॉलॉजी आणि रेडिएशन असे चारही आकडे वेगवेगळे लिहून मागायचे. नुसता ऑपरेशनचा आकडा ऐकून ठरवलं की पुढे कर्ज काढावं लागतं.

ऑपरेशन नीट झालं. काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ, काखेतल्या गाठी स्वच्छ, गाठीचा ग्रेड कमी, त्यामुळे बोर्डाने किमो सांगितली नाही. रेडिएशन नणंदेकडे राहून पूर्ण केलं. कातडी थोडी काळवंडली होती, आता निवळते आहे. हॉर्मोनचा परिणाम रोखणारी टॅमोक्सिफेनची गोळी रोज रात्री, निदान ५ वर्षं. मधूनच अंगातून वाफा निघतात, पण पतसंस्थेत रुजू झाले आहे.

तुम्ही माझ्याकडून कधी काही घेतलं नाहीत. फळंसुद्धा वॉचमनच्या मुलांना वाटून टाकलीत. आता तुमच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं तुम्ही दोन वर्षं पुढे ढकलताय, ते "सोबत कोण येणार" म्हणून, हे मला तुमच्या मुलीने फोनवर सांगितलं. सोबत मी येणार आहे. पतसंस्थेत रजेचा अर्ज देऊन ठेवला आहे, ह्यांना सांगितलं आहे, आणि सासूबाईंनी तुमच्या डब्याचं आपल्याकडे घेतलं आहे. दिवाळीनंतरची तारीख काढा. मला नाही म्हणू नका.

तुमची,
समोरच्या बिल्डिंगमधली, दुसऱ्या मजल्यावरची