लोट्याची अंडी, भात आणि मासे आत्ताच तपासा

महोदय,

इटलीत दिवाळे निघालेल्या 'मितेनी' या रसायनांच्या कारखान्याची यंत्रसामग्री लिलावात घेऊन ती आमच्या खेड तालुक्यात, लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीत आणली गेली, हे आता सर्वांना ठाऊक झाले आहे. तेव्हापासून वाद चालू आहे तो कारखाना असावा की नसावा एवढ्यावरच. वसाहतीवर आमच्या गावातल्या कितीतरी घरांच्या चुली पेटतात, त्यामुळे तो वाद चार दिवसांत मिटणारा नाही. पण तो मिटेपर्यंत थांबता येणार नाही असे एक काम आहे, आणि त्यासाठीच हे पत्र लिहीत आहे. आमची माती, विहिरी, अंडी, दूध, भात आणि खाडीतले मासे आजच्या घडीला कसे आहेत, हे शासनाने मोजून लिहून ठेवावे.

इटलीत नेमके हेच राहून गेले. मितेनी हा व्हिचेन्झा जिल्ह्यातील त्रिस्सिनो गावचा कारखाना. तिथे 'पीफास' गटातली रसायने तयार होत असत. न चिकटणारे तवे, पाणी न धरणारे कापड, आग विझवण्याचा फेस अशा असंख्य वस्तूंत ही रसायने असतात. त्यांतला कार्बन आणि फ्लोरिन यांचा बंध इतका चिवट असतो की ऊन, पाऊस, जिवाणू कुणालाच तो सहजी तुटत नाही. कारखाना साठच्या दशकातला, आणि भूजल दूषित झाल्याचे लोकांना कळले २०१३ मध्ये. तोवर सुमारे साडेतीन लाख लोकांच्या पाण्याला त्याची झळ पोहोचली होती. पुढे रक्ततपासण्या झाल्या तेव्हा धडधाकट दिसणाऱ्या मुलांच्या रक्तातही ही रसायने इतर भागांतल्या लोकांच्या कित्येक पटींनी जास्त निघाली. मग तिथल्या आयांनी संघटना उभी केली आणि त्या कोर्टात ठाण मांडून बसल्या. जून २०२५ मध्ये व्हिचेन्झाच्या न्यायालयाने ११ अधिकाऱ्यांना दोषी ठरवले. सर्वांच्या शिक्षा मिळून १४१ वर्षे भरतात. कारखाना मात्र २०१८ मध्येच दिवाळखोरीत गेला होता, आणि पाणी स्वच्छ करण्याचा खर्च अजून संपलेला नाही.

लोट्यातून आज काही बाहेर पडत आहे असा आरोप मी करत नाही. आरोप करायला आणि तो खोडून काढायला, दोन्हीला आकडे लागतात. ते लोकांसमोर नाहीत, हेच माझे म्हणणे आहे.

प्रदूषण ओळखायच्या आमच्या खुणा ठरलेल्या आहेत. वसाहतीचे सांडपाणी करंबवणेच्या खाडीत सोडले जाते. दाभोळ खाडीकाठच्या मच्छीमारांनी मेलेले मासे टोपल्या भरभरून सरकारी कचेऱ्यांत नेऊन दाखवले आहेत. पाण्याचा रंग बदलला, फेस आला, उग्र दर्प सुटला की आम्ही ओरड करतो, मग अधिकारी येतात, बाटलीत पाणी भरून नेतात आणि त्याचा सामू आणि सीओडी, बीओडी (पाण्यातला सेंद्रिय मळ दाखवणारी मापे) पाहतात. पीफासला रंग नाही, ज्या प्रमाणात ते घातक ठरते त्या प्रमाणात वास नाही, आणि मासाही त्याने तडफडून मरत नाही. तो चांगला पोसतो आणि बाजारात येतो. सामूहिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रातले जिवाणूही ही रसायने खाऊन संपवू शकत नाहीत. म्हणजे आमची नेहमीची राखण इथे कुचकामी आहे.

अंड्यांचा आग्रह मी का धरते तेही सांगते. आमच्याकडे गावठी कोंबडी दिवसभर मोकळी असते. सकाळी खुराडे उघडले की ती थेट उकिरड्यावर जाते, मग आंब्याखालचा पातेरा उकरते, गांडूळ ओढून काढते आणि प्रत्येक टोचीबरोबर थोडी माती गिळते. मातीत जे असेल ते आधी तिच्या अंड्यात उतरते. युरोपात हे दिसून आले आहे. बेल्जियममध्ये अँटवर्पजवळच्या झ्वाइन्ड्रेख्तमध्ये २०२१ साली पीफास बनवणाऱ्या कारखान्याच्या आसपासच्या लोकांना घरची अंडी खाऊ नका असे सांगावे लागले. नेदरलँड्सच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने एप्रिल २०२५ मध्ये हाच सल्ला साऱ्या देशाला दिला. दुकानातल्या अंड्यांबद्दल तसा इशारा नव्हता, कारण त्यांत ही रसायने खूपच कमी आढळतात; पोल्ट्रीतली कोंबडी सहसा माती उकरत नाही. आमच्याकडे बाळंतिणीला, आजारातून उठलेल्याला, वाढत्या पोराला मुद्दाम दोन पैसे जास्त मोजून गावठी अंडे देतात. ज्यांना सर्वांत जास्त जपायचे, त्यांच्याच ताटात ते जाते.

भाताचे आणि भाजीचेही तसेच. या रसायनांपैकी ज्यांची कार्बनची साखळी आखूड असते ती पाण्याबरोबर मुळांतून वर चढून पानांत साठतात. खाडीकाठच्या खाजणात भात होतो, बंधारा फुटला की भरतीचे पाणी आणि गाळ शेतात शिरतो. कालवे आणि तिसऱ्या ही शिंपल्यांतली मासळी तर त्याच गाळात वाढते. लांब साखळीची जुनी रसायने, म्हणजे पीएफओए आणि पीएफओएस, माणसाच्या रक्तातून निम्मी व्हायला काही वर्षे लागतात. ती वारेतून गर्भात आणि दुधातून बाळात जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ मध्ये पीएफओएला कर्करोगकारक ठरवले. युरोपीय संघाने २०२३ पासून अंडी, मासे आणि मांसातल्या पीफासवर कमाल मर्यादा घातली आहे. आमच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात याचे नावही नाही.

मी आमच्या परसातली माती तपासायला दिली होती. हातात मृद आरोग्य पत्रिका आली. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, सामू, सेंद्रिय कर्ब असे बारा घटक. पीक कसे येईल ते त्यावरून कळते. त्या मातीतले खाऊन माणसाचे काय होईल याचा एकही रकाना त्यात नाही, शिसे किंवा कॅडमियमचासुद्धा नाही. वसाहतीचे सांडपाणी खाडीत पडू लागून इतकी वर्षे झाली, तरी हा रकाना कुणाला सुचू नये याचा मला संताप येतो.

इथे तपासण्या होऊ शकत नाहीत, असे मात्र कुणी सांगू नये. २०१० साली महाराष्ट्रातली द्राक्षे युरोपने एका रसायनाच्या अंशावरून नाकारली आणि शेतकऱ्यांचे प्रचंड नुकसान झाले. आज द्राक्षाचा कंटेनर निघण्यापूर्वी प्लॉटप्लॉटचे नमुने प्रयोगशाळेत जातात. कीडनाशकाचे अंश शोधायला जी एलसी-एमएस यंत्रे वापरतात, त्याच जातीची यंत्रे पीफासलाही लागतात. युरोपातल्या गिऱ्हाइकाच्या द्राक्षासाठी आपण हे करतो. लोट्याच्या बाळंतिणीच्या अंड्यासाठी करायला कुणाची हरकत आहे?

एक अडचण खरी आहे. ज्या रसायनाचे नाव माहीत नाही आणि ज्याचा शुद्ध नमुना जवळ नाही, ते प्रयोगशाळेला नेमके मोजता येत नाही. व्हिचेन्झा ज्या प्रांतात येते त्या व्हेनेतोत जुनी रसायने सापडल्यानंतर काही वर्षांनी, २०१८ मध्ये, भूजलात 'जेनएक्स' हे त्यांच्या जागी आलेले नवे रसायन आढळले. म्हणून लोट्यात कोणती रसायने तयार होतात, कोणती वापरली जातात आणि मधल्या टप्प्यांत कोणती निर्माण होतात, त्यांची नावे प्रदूषण नियंत्रण मंडळाने जाहीर करावीत आणि शुद्ध नमुने उत्पादकाकडून प्रयोगशाळेला मिळवून द्यावेत. 'बंदी असलेली रसायने आम्ही बनवत नाही' एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये. जगात बंदी येते तीच मुळी लोकांच्या रक्तात सापडल्यावर.

जिल्हाधिकाऱ्यांनी अन्न व औषध प्रशासन, कृषी, मत्स्यव्यवसाय आणि आरोग्य या खात्यांना एकत्र बसवून येत्या पावसाळ्याआधी नमुने घ्यावेत. वसाहतीभोवतालच्या विहिरी आणि बोअरवेल, करंबवणेचा गाळ, गावठी अंडी, दूध, खाजणातला भात, पालेभाज्या, कालवे यांचे नमुने हवेत. तुलनेसाठी वसाहतीपासून दूर, मंडणगडकडच्या एखाद्या गावातूनही तेच घ्यावेत. कामगार आणि स्तनदा माता यांच्यापैकी जे स्वखुशीने तयार असतील त्यांचे रक्त तपासावे आणि अहवाल आधी त्यांच्याच हातात द्यावा. बाकीचे आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लावावेत. दर वर्षी, त्याच ठिकाणांहून, पुन्हा.

नमुने द्यायला आमच्या वाडीतल्या बायका तयार आहेत. अंडी कोणत्या घरची, भात कोणत्या शेतातला, विहीर किती खोल, हे सगळे आम्ही वहीत लिहून ठेवले आहे. नमुने घ्यायला कोण येणार आणि कधी, ते प्रशासनाने आपल्या दैनिकातून कळवावे.

आपली,
एक वाचक
ता. खेड, जि. रत्नागिरी