प्रबंधांतील समीकरणे दृष्टिहीनांनाही वाचता यावीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभ्या राहणाऱ्या, गुरुत्वीय लहरी (अवकाश-काळातून पसरणारे तरंग) टिपणाऱ्या लायगो-इंडिया वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मान्यता दिली. सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पामुळे गुरुत्वीय लहरींवरील संशोधनात मराठवाड्याचे नाव जोडले जाणार, याचा माझ्यासारख्या भौतिकशास्त्र शिकवलेल्या माणसाला मनापासून आनंद आहे. मात्र या विषयावर जे शोधनिबंध आणि प्रबंध लिहिले जातील, ते दृष्टिहीन विद्यार्थ्याला वाचता येतील का, हा प्रश्न वेधशाळा सुरू होण्याआधीच विचारायला हवा.

अडचण गणिताच्या मांडणीत आहे. पानावर घात वर चढतो, निर्देशांक खाली उतरतो आणि अपूर्णांकात आडवी रेघ येते. डोळस वाचकाला अर्थ या जागांवरूनच कळतो. निबंधाची नेहमीच्या पद्धतीने पीडीएफ केली की संगणकाच्या दृष्टीने या जागांना अर्थ उरत नाही आणि स्क्रीनरीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी संगणकप्रणाली) सगळी चिन्हे एका ओळीत वाचत सुटतो. आईन्स्टाईनच्या क्षेत्रसमीकरणातला प्रकाशवेगाचा चौथा घात मग नुसता ‘सी फोर’ असा ऐकू येतो, आणि छेद कुठे सुरू झाला हे समजत नाही. सामान्य सापेक्षतेत, म्हणजे आईन्स्टाईनच्या गुरुत्वाकर्षण सिद्धांतात, तर क्रिस्टोफेल चिन्ह नावाच्या राशीला एक निर्देशांक वर आणि दोन खाली असतात. ते सपाट वाचले गेले तर ऐकणाऱ्याच्या हाती नुसती अक्षरे लागतात, त्यांतले गणित लागत नाही.

वास्तविक ही माहिती लेखकाने स्वतः दिलेली असते. सैद्धांतिक भौतिकशास्त्रातले बहुतेक निबंध लाटेक या प्रणालीत लिहिले जातात आणि तिच्यात घात कोणता, अंश कोणता, छेद कोणता हे स्पष्ट नोंदवलेले असते. म्हणजे समीकरणाची रचना मूळ फाइलमध्ये शाबूत असते, आणि आपण ती छपाईच्या वळणावर टाकून देतो.

ती टिकवली तर काय साधते, हे पुण्यात वाढलेल्या टी. व्ही. रामन यांनी तीस वर्षांपूर्वी दाखवून दिले आहे. काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी पूर्ण गेली. पुण्यात गणिताची पदवी आणि आयआयटी मुंबईत संगणकशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेऊन ते अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात गेले. तेथे १९९४ मध्ये पूर्ण केलेल्या त्यांच्या प्रबंधातील ‘अ‍ॅस्टर’ ही प्रणाली लाटेकमधील मूळ मजकुरावरून समीकरणाची रचना ओळखते, आवाजात योग्य ते बदल करून ते वाचून दाखवते आणि ऐकणाऱ्याला लांबलचक समीकरणाच्या हव्या त्या भागात शिरू देते. हा एका अभियंत्याने स्वतःच्या गरजेतून शोधलेला मार्ग होता आणि संगणकशास्त्रातील सर्वोत्तम प्रबंधाचा एसीएम या संगणकशास्त्रज्ञांच्या संस्थेचा पुरस्कारही त्याला मिळाला.

आज तर साधने सहज उपलब्ध आहेत. वेबपानावर गणित मांडण्यासाठी मॅथएमएल हे मानक १९९८ पासून आहे. १९९१ मध्ये सुरू झालेल्या आणि वीस लाखांहून अधिक निबंध असलेल्या ‘अर्काइव्ह’ या मुक्त संग्रहाने डिसेंबर २०२३ पासून लाटेकमध्ये आलेले नवे निबंध पीडीएफबरोबर एचटीएमएल, म्हणजे वेबपानाच्या, स्वरूपातही देण्यास सुरुवात केली, आणि त्यामागचा मुख्य हेतू सुगम्यता, म्हणजे दिव्यांगांनाही वाचता यावे, हाच होता. एनव्हीडीए हा विनामूल्य स्क्रीनरीडर पूरक प्रणालीच्या मदतीने असे गणित वाचू शकतो. असा निबंध डोळस वाचकालाही मोबाइलच्या लहान पडद्यावर सोयीचा पडतो, हे जाता जाता नमूद करतो.

आलेखांचाही विचार व्हावा. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगो वेधशाळेने पहिल्यांदा टिपलेली गुरुत्वीय लहर सेकंदाच्या साधारण पाचव्या भागापुरती होती आणि तिची वारंवारता ३५ पासून २५० हर्ट्झपर्यंत चढत गेली. ही वारंवारता माणसाच्या श्रवणकक्षेत असल्यामुळे शास्त्रज्ञांनी तो संकेत ध्वनीत उतरवून जगाला ऐकवला. पोर्तो रिकोच्या दृष्टिहीन खगोलशास्त्रज्ञ वांडा दियाझ-मर्सेद यांनी खगोलीय मोजमापे ध्वनीत रूपांतरित करून संशोधन केले आहे. तेव्हा आलेखाखाली त्याचे नेमके वर्णन देणे आणि शक्य तेथे मूळ आकडे जोडणे, एवढी अपेक्षा जास्त नाही.

आपल्याकडील स्थिती मला चिंताजनक वाटते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमावलीने प्रबंधाची संगणकीय प्रत देणे बंधनकारक केले आणि त्यामुळे शोधगंगा हा भारतीय प्रबंधांचा मोलाचा ऑनलाइन संग्रह उभा राहिला. परंतु त्यात कित्येक प्रबंध कागद स्कॅन करून चढवलेले आहेत, म्हणजे स्क्रीनरीडरच्या लेखी ते निव्वळ चित्र आहे. मराठीतील अनेक प्रबंध युनिकोड (प्रत्येक अक्षराला ठरलेला संगणकीय क्रमांक देणारे मानक) नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेले आहेत आणि ते ऐकताना एकही शब्द हाती लागत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ उच्च शिक्षणात किमान पाच टक्के जागा राखून ठेवतो आणि इलेक्ट्रॉनिक मजकूर सुगम्य असावा असेही सांगतो. दृष्टिहीनांसाठी पुस्तकांची सुगम्य प्रत करू देणारा माराकेश करार सर्वांत आधी, २०१४ मध्ये, भारतानेच अनुसमर्थित केला. असे असताना विज्ञानाची आवड असलेल्या दृष्टिहीन मुलाला दहावीनंतर ‘कला शाखा घे, सोपे जाईल’ असाच सल्ला मिळत राहावा, हे मला मान्य होत नाही. इमारत उभी राहिल्यावर मागच्या दाराला उतार जोडावा, तशी प्रत्येक पुस्तकाची वेगळी प्रत मागाहून करत बसण्यात त्या मुलाची वर्षे जातात.

म्हणून राज्यातील विद्यापीठांना माझी विनंती आहे की, पीएच.डी.चा प्रबंध स्वीकारताना पीडीएफबरोबर त्याची मूळ फाइलही घ्यावी, मराठी मजकूर युनिकोडमध्येच असावा अशी अट घालावी, आणि समीकरणे असलेल्या प्रबंधाची एचटीएमएल प्रत ग्रंथालयाने तयार करून घ्यावी. प्रबंध स्वीकारण्यापूर्वी त्यातले एक प्रकरण स्क्रीनरीडरवर ऐकून पाहावे आणि हे काम शक्यतो विद्यापीठातल्याच दृष्टिहीन विद्यार्थ्याला मानधन देऊन सोपवावे. जुन्या प्रबंधांचे काम विद्यार्थ्यांच्या मागणीनुसार हाती घेता येईल. लायगो-इंडियाशी संबंधित संस्थांनी ही पद्धत आपल्या पहिल्या अहवालापासूनच स्वीकारली, तर पुढे मागे वळून दुरुस्ती करण्याची वेळ त्यांच्यावर येणार नाही.

आपला नम्र,
भौतिकशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक, परभणी